जावातील शेतकरी गाव : जमीनजुमला आणि राखण

इंडोनेशियातील जावा बेटावर, विशेषतः मध्य जावा, पूर्व जावा आणि योग्यकर्ता भागात, भातशेतीवर जगणाऱ्या गावांमध्ये घर, शिवार, गुरे आणि पाणी यांची मालकी कशी ठरते व त्यांची राखण कशी होते, याविषयीची ही नोंद. कागद, पोलीस आणि कुलूप ही तिन्ही साधने या गावात उशिरा पोहोचली. त्याआधी, आणि बऱ्याच अंशी आजही, वस्तू कोणाची आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक असणे हाच मालकीचा पहिला पुरावा आणि तीच पहिली राखण. ही व्यवस्था फसते तेव्हाही कारण बहुधा तेच असते: शेजारी जागेवर नसतो, किंवा शेजाऱ्यांनीच भलते काही खरे धरलेले असते.

गावाला ‘देसा’ म्हणतात. एका देसात अनेक वाड्या (दुसुन किंवा दुकुह) असतात आणि वाडीच्या आत काही दहांच्या संख्येतील घरांचा शेजारगट, म्हणजे ‘रुकुन ततांगा’ (आरटी). अशा काही गटांचा मिळून ‘रुकुन वार्गा’ (आरडब्ल्यू) होतो. आज जिव्हाळ्याची वाटणारी ही शेजारगटांची रचना जपानी लष्करी अंमलात, १९४४ मध्ये, नजर ठेवणे आणि भात वसूल करणे सोपे जावे म्हणून घातली गेली होती. स्वातंत्र्यानंतर ती टिकली आणि नंतरच्या सरकारांनाही सोयीची ठरली. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची चोवीस तासांत आरटीप्रमुखाला वर्दी द्यावी, ही पाटी वाडीच्या तोंडाशी अजून दिसते.

गावप्रमुख लुराह (अधिकृत नाव कपाला देसा), दप्तर सांभाळणारा चारिक, बंदोबस्त पाहणारा जोगोबोयो, पाटपाणी वाटणारा उलु-उलु आणि धर्मकार्ये पाहणारा मोदिन हे जुने कारभारी. त्यांचा मोबदला म्हणजे पदावर असेपर्यंत कसायला मिळणारी गावाची जमीन, ‘बेंगकोक’. आपल्याकडच्या वतनासारखी ती वाटते, पण ती वारशाने उतरत नाही. पद गेले की जमीन पुढच्या माणसाकडे जाते. २०१४ च्या गाव कायद्यानंतर कारभाऱ्यांना सरकारी निधीतून ठरावीक वेतन मिळू लागले, तरी बऱ्याच ठिकाणी बेंगकोक चालू आहे. गावाच्या मालकीची इतर शेते दरवर्षी लिलावाने खंडाने दिली जातात. हा लिलाव भर सभेत झाला की कुरबुर होत नाही. तो चारिकच्या ओटीवर उरकला की वर्षभर गावात दुसरा विषय नसतो.

जमिनीचे तीन मुख्य प्रकार. ‘सावाह’ म्हणजे बांधबंदिस्ती केलेली भातखाचरे, ‘तगालान’ म्हणजे मका, कसावा, भुईमूग यांची कोरडवाहू जमीन आणि ‘पकारांगान’ म्हणजे घराभोवतीचे परस. परसात नारळ, केळी, फणस, बांबू, हळद, आले असे उंचीच्या थरांनी लावलेले असते. जुनी मोजमापे अजून बोलण्यात आहेत: एक ‘उबिन’ सुमारे १४ चौरस मीटर आणि ५०० उबिनांचा एक ‘बाऊ’, म्हणजे साधारण ०.७ हेक्टर. शेतकरी कुटुंबाकडे अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असणे ही जावात नित्याची गोष्ट आहे.

मालकीची जुनी नोंद ‘लेटर सी’ या गावदप्तरी वहीत सापडते. ही वही सारावसुलीसाठी ठेवलेली. सारा कोण भरतो एवढेच ती सांगते, पण लोकांनी तिलाच मालकीपत्र मानले. मालकाच्या हाती असणारे ‘पेतोक डी’ किंवा ‘गिरिक’ हे कागदही मुळात साऱ्याचेच. अडचणी ठरलेल्या आहेत. नोंद आजोबांच्या नावावर राहिलेली असते आणि नातवंडे कसत असतात. सारा कमी बसावा म्हणून क्षेत्र कमी लिहिलेले असते आणि मोजणीच्या दिवशी जमीन कागदापेक्षा मोठी निघते. खाडाखोडीवर तारीख नसते. वही एकच, ती चारिकच्या कपाटात, आणि ती गहाळ झाली की प्रश्न पुन्हा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर येतो.

२४ सप्टेंबर १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने देशभर नोंदणीकृत हक्कांची चौकट आणली. खेड्यांत तिचा खरा वेग वाढला तो २०१७ च्या सुमारास गावेच्या गावे एकदम मोजण्याची मोहीम सुरू झाल्यावर. २०२१ च्या सरकारी नियमाने जुन्या पारंपरिक कागदांना पाच वर्षांची मुदत दिली. २ फेब्रुवारी २०२६ नंतर ते मालकीचा पुरावा राहिलेले नाहीत; नोंदणीच्या वेळी माग काढायला तेवढे उपयोगी. मोजणीत मात्र शेजाऱ्याचे महत्त्व कमी झालेले नाही. हद्दीच्या चारही बाजूंच्या मालकांनी खुणा मान्य करून सही करावी लागते. एक जण जाकार्ताला कामाला आणि दुसरा अबोला धरून, एवढ्यावरही मोजणी अडते.

रूढीनुसार जमिनीचा व्यवहार गावप्रमुखासमोर, उघड आणि रोख व्हावा लागतो. साध्या पावतीवर झालेली विक्री स्वस्त पडते, पण विकणारा वारला की त्याच्या मुलांना ती ‘आठवत नाही’. गहाण (‘सेंदे’) तर आणखी धोक्याचे. पैसे फिटेपर्यंत सावकार शेत कसतो, आणि ते फिटत नाहीत म्हणून पिढी निघून जाते. १९६० च्याच एका कायद्याने सात वर्षे किंवा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन एकही पैसा न घेता मालकाला परत करायला सांगितले. ज्याच्याकडून पुढचे कर्जही घ्यायचे आहे त्याच्यापुढे हे कलम काढायला फारसे कोणी धजत नाही. अर्धेलीला ‘मारो’ म्हणतात, तिसऱ्या हिश्श्याच्या बोलीला ‘मर्तलू’. बी-खत कोणाचे यावर हिस्सा ठरतो.

वारसा बहुधा आईवडिलांच्या हयातीतच वाटला जातो. मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक (‘सपिकुल सगेंदोंगान’), किंवा सर्वांना समान, अशा दोन्ही रीती चालतात. कोणती लावायची हे घर ठरवते. घर बहुधा म्हातारपणी सांभाळणाऱ्या, अनेकदा धाकट्या, मुलाकडे किंवा मुलीकडे जाते. लग्नानंतर दोघांनी मिळवलेली मिळकत (‘गोनो-गिनी’) वेगळी धरतात आणि घटस्फोटात तिची वाटणी होते. माहेरून आणलेले मात्र बाईचेच राहते.

शिवारातले भांडण बांधाचे. नांगरणीआधी ‘गालेंगान’ म्हणजे बांध चिखलाने लिंपतात, तेव्हा शेजाऱ्याच्या बाजूने कुदळीचा एक फटका जास्त बसतो. दरवर्षी चार बोटे बांध कोरला तरी काही हंगामांत भाताची एक ओळ जास्त लागते. लोखंडी किंवा सिमेंटची खूण बांधाच्या मधोमध न गाडता एका कडेला गाडली तर ती कोरण्यात पहिली उखडते. उन्हाळी हंगामात पाण्याचा तंटा असतो. उलु-उलु पाळ्या लावून देतो, पण रात्रीची पाळी असणारा शेतकरी दारे धरून तिथेच बसतो, कारण झोपला की वरच्या खाचराचा मालक फळी सरकवतो.

घराची बांधणी राखणीच्या दृष्टीनेही पाहावी. जुन्या लाकडी घरात पुढे उघडी पडवी किंवा सभामंडप, आत ‘दालेम’ (आतले मुख्य घर) आणि मागे तीन खोल्या. त्यांतली मधली खोली धान्यदेवी देवी स्री हिची. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून गोठा. बैल-गाय हीच कुटुंबाची बचत, त्यामुळे जनावर हाकेच्या अंतरावर बांधतात. दुसऱ्याची गाय सांभाळण्याची ‘गादुहान’ पद्धत आहे: वासरे आळीपाळीने किंवा विक्रीचा नफा निम्मा. जनावर चोरीला गेले तर नुकसान कोणाचे, हे सुरुवातीला बोलले गेले नाही तर दोन्ही घरे तुटतात.

रात्रीची गस्त म्हणजे ‘रोंदा’. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांनी तिला ‘सिसकामलिंग’ हे सरकारी रूप दिले, पण प्रथा वसाहतकाळापासूनची. घरटी एक पुरुष, साधारण आठवड्यातून एक रात्र. नावांची पाटी चौकीत (‘गार्दू’) टांगलेली. पाच ते आठ जण दहाच्या सुमारास जमतात आणि पहाटेपर्यंत दोन-तीन फेऱ्या मारतात. न येणाऱ्याला दंड किंवा बदली माणूस. गस्त खरेच फिरते की पत्ते कुटत बसते, याची तपासणी ‘जिंपितान’ आपोआप करते. प्रत्येक घर पुढच्या खांबाला बांबूचे नळकांडे किंवा डबी टांगून त्यात चिमूट-मूठ तांदूळ ठेवते, हल्ली ५०० किंवा १००० रुपियाचे नाणे. गस्तीने ते गोळा करायचे, म्हणजे प्रत्येक दारापर्यंत जाणे आलेच. सकाळी डबी भरलेलीच दिसली तर गस्त आली नाही. डबी दोन-तीन रात्री रिकामी मिळाली तर घरात आजारपण आहे का, हे विचारले जाते. जमा पैशातून मयताचा खर्च, गल्लीतले दिवे, मांडव-खुर्च्या असे होते. जिथे जिंपितान महिन्याच्या एकरकमी वर्गणीत बदलले, तिथे हिशेब सोपा झाला आणि फेरी गेली. हा सौदा तोट्याचा.

इशाऱ्यासाठी ‘केंतोंगान’: जाड बांबूचे किंवा फणसाच्या लाकडाचे, आत पोकळ, उभी फट पाडलेले ठोकळे. बांबू सावलीत वाळवावा लागतो, नाहीतर तडा जाऊन आवाज बसतो. ठोक्यांची प्रचलित भाषा अशी: सुटा एकेक ठोका खुनाचा, दोन-दोन चोरीचे, तीन-तीन आगीचे, चार-चार नैसर्गिक आपत्तीचे, पाच-पाच गुरेचोरीचे. एक, मग सलग सात, मग एक (‘दोरो मुलुक’) म्हणजे सारे ठीक. न थांबता वाजवलेला ‘तितिर’ म्हणजे सर्वांनी बाहेर पडावे. गावोगाव फरक असतो, म्हणून चौकीत तक्ता लावतात. हल्ली व्हॉट्सॲपचा गट असतो, पण रात्री अडीचला संदेश झोपलेल्याला उठवत नाही, लाकूड उठवते.

चोर वेळ पाहून येतो: गस्त शेकोटीला टेकल्यावर, सारी वाडी एखाद्या लग्नघरी गेल्यावर, किंवा दिवसाढवळ्या, घरचे शेतात असताना. बांधावर किल्ली लावून ठेवलेली मोटारसायकल हे आजचे सर्वांत सोपे सावज. पैसे आपोआप कमी होतात त्याचा आळ ‘तुयुल’ या चोरट्या बालभुतावर आणि पर्यायाने अचानक श्रीमंत झालेल्या शेजाऱ्यावर जातो. हे नेहमी गमतीवर राहत नाही. १९९८ मध्ये पूर्व जावातील बान्युवांगी भागात चेटूक करत असल्याच्या संशयावरून अनेकांचे खून झाले. गावोगाव रात्रंदिवस पहारे बसले आणि अनोळखी वाटसरूही मारले गेले. हाती लागलेल्या चोराला जमावाने मारणे हा गुन्हाच आहे. जाणता आरटीप्रमुख त्याला आधी खोलीत कोंडून मगच पोलिसांना कळवतो.

धोका चोरापुरता नाही. २७ मे २००६ च्या पहाटेच्या भूकंपात बांतुल आणि क्लातेन भागात ५,७०० हून अधिक माणसे गेली. कोपऱ्यात सळई-खांब नसलेल्या विटांच्या भिंती सर्वाधिक घातक ठरल्या. २०१० मध्ये मेरापी ज्वालामुखीच्या उद्रेकावेळी छावणीत हलवलेले शेतकरी गवत कापायला आणि गाईंना चारायला दिवसा परत जात. गुरांची सोय आधी केल्याशिवाय माणसे खाली राहत नाहीत, हे तेव्हा उघड झाले.

पिकाच्या राखणीतूनच येणारा मृत्यू म्हणजे उंदरांसाठी खाचराभोवती लावलेली उघडी वीजतार. स्रागेन आणि ङावी या जिल्ह्यांत अशा तारांनी अनेक शेतकरी दगावले आहेत, त्यांत तार लावणारे स्वतःही. पाण्याने भरलेले शेत, अनवाणी पाय आणि घरच्या मीटरवरून ओढलेली वायर. मेलेला उंदीर उचलायला अंधारात गेलेला माणूस बंद न केलेल्या प्रवाहात पाय टाकतो. तारेने दुसरा मेला तर मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागतो. तारेऐवजी सर्वांनी मिळून बिळे खणून उंदीर मारणे (‘ग्रोप्योकान’) आणि गव्हाणी घुबडांसाठी खांबावर पेट्या बसवणे हे उपाय आहेत. देमाक जिल्ह्यातील त्लोगोवेरू हे गाव घुबडांसाठी ओळखले जाते. दोन्ही उपायांना अट एकच: साऱ्या शिवाराने एकाच वेळी पेरणी करावी, नाहीतर उंदीर शेजारच्या हिरव्या खाचरात मुक्काम हलवतात.