लिस्टन कुलासो कोलकात्याला का गेला: गोव्यातल्या फुटबॉलची पार्श्वभूमी

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने हैदराबाद एफसीकडून लिस्टन कुलासो या गोव्याच्या फुटबॉलपटूला घेतले. त्या वेळच्या बातम्यांत रकमेचा आकडा सुमारे १ कोटी रुपये असा आला. भारतीय खेळाडूसाठी मोजलेली तोवरची सर्वांत मोठी किंमत म्हणून त्याची चर्चा झाली. लिस्टन तेव्हा २२ वर्षांचा होता. चारच वर्षांपूर्वी तो साळगावकर या गोव्यातल्या क्लबचा पोरसवदा विंगर, म्हणजे बगलेवरून चढाई करणारा खेळाडू होता आणि गोव्याकडून संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा खेळत होता. या प्रवासात त्याच्या पायांचा वाटा मोठा आहेच, पण त्याला गोवा का सोडावा लागला हे कळायला गोव्यातल्या क्लबांचा इतिहास बघावा लागतो. हाच मुलगा दहा-बारा वर्षे आधी जन्मला असता तर देशातला सर्वांत मोठा क्लब त्याला घरापासून तासाभराच्या अंतरावर सापडला असता.

गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्रीला दिले जाते. साल १८८३, गाव शिवोली. पुढे खेळ वाड्यावाड्यांत आणि भात कापून झालेल्या शेतांत रुजला. पोर्तुगीज काळात मात्र मोठा क्लब म्हणजे मुंबई. तिथे गावोगावच्या कुडींमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक निवासांमध्ये राहून नोकरी शोधायची आणि नोकरीच्या जोरावर कंपनीच्या संघात शिरायचे, ही सवयीची वाट होती. नेव्हिल डिसोझा टाटा स्पोर्ट्सचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले, भारत ४-२ ने जिंकून उपांत्य फेरीत गेला. कोलवाळच्या फोर्तुनातो फ्रँकोचा रस्ताही मुंबईवरून गेला. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो मधल्या फळीत होता.

मुक्तीनंतर ही वाट उलटी फिरली, त्यामागे होता खाणींचा पैसा. साळगावकर, धेंपो, सेझा ही खाणमालकांची आणि खाण कंपन्यांची नावे जर्सीवर आली. कराराची रक्कम फार नसे, पण नोकरी असे. घरच्यांच्या दृष्टीने तीच मोठी गोष्ट होती. गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कर्णधार झाला तरी कारकिर्दीचा बहुतेक काळ साळगावकरच्याच गोलपोस्टात राहिला, तो या व्यवस्थेमुळेही. याच काळात गोव्याचा संघ देशात वजन राखू लागला. संतोष करंडक १९८२-८३ मध्ये बंगालबरोबर विभागून मिळाला, १९८३-८४ मध्ये एकट्याने. १९८८ आणि १९८९ असा सलग दोनदा साळगावकरने फेडरेशन चषक ही देशभरच्या क्लबांची स्पर्धा जिंकली.

खरा सुवर्णकाळ त्यानंतरचा. आय-लीग ही क्लबांची राष्ट्रीय लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या सहाही मोसमांत विजेतेपद गोव्यातच राहिले: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. त्याआधीच्या नॅशनल फुटबॉल लीगची दोन विजेतेपदे धरली तर धेंपोची पाच होतात, आणि पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. त्या धेंपोत समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची मुले एकाच वेळी भारताकडूनही खेळत होती. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. गोव्यातला उत्तम खेळाडू पणजी-मडगाव-वास्को या त्रिकोणातच वर चढत जायचा आणि वरची पायरीही तिथेच असायची. तुलनेला सोपे म्हणून आपण आज कोलकात्याकडे बघतो, पण त्या सहा वर्षांत कोलकात्याचे क्लब गोव्याकडे बघत होते.

मोडले कसे? दोन धक्के बसले. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या. नंतर त्या काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. खाणींवर उभे असलेले क्लब एका रात्रीत कोसळले नाहीत, पण हात आखडला. २०१२-१३ चे, म्हणजे गोव्याचे शेवटचे निर्विवाद आय-लीग विजेतेपद चर्चिलला मिळाले आणि चर्चिल हा खाणवाल्यांचा क्लब नव्हे, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. दुसरा धक्का अधिक खोल होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, एफसी गोवा जन्मला. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएसएलला अव्वल दर्जा आणि आय-लीगला दुसरा, असा आराखडा मांडला. मैदानावर जिंकून वर जाण्याचा मार्ग त्यात नव्हता, फ्रँचायझीची फी भरणे एवढाच होता. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा यांनी निषेध करून आय-लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. एका वर्षात राज्यातले तीन राष्ट्रीय संघ गेले. प्रत्येकी पंचवीस-तीस खेळाडू धरले तर किती जागा गेल्या याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

लिस्टन नेमका या पोकळीत मोठा झाला. १८ व्या वर्षी त्याच्याकडे साळगावकरची जर्सी होती, पण साळगावकरकडे राष्ट्रीय लीग नव्हती. दिसायला एकच खिडकी उरली होती, संतोष करंडक. २०१६-१७ ची अंतिम फेरी गोव्यातच झाली. उपांत्य सामन्यात गोव्याने केरळला २-१ ने हरवले, दोन्ही गोल लिस्टनचे. २६ मार्च २०१७ ला बांबोळीत बंगालविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि शेवटच्या क्षणांत मनवीर सिंगने बंगालसाठी एकमेव गोल केला. पुढच्याच मोसमात मनवीर आणि लिस्टन दोघेही एफसी गोवाच्या ड्रेसिंग रूममध्ये होते.

इथून पुढचा टप्पा सगळ्यात फसवा असतो. मोठ्या क्लबचा करार हातात आला म्हणजे पोहोचलो, असे घरच्यांना वाटते. प्रशिक्षक सर्जियो लोबेराचा तो एफसी गोवा चेंडू पायाशी ठेवून खेळणारा, कोरोमिनास, एदू बेदिया, जाहू, बूमू या परदेशी खेळाडूंभोवती बांधलेला संघ होता. तेव्हा मैदानावर पाच परदेशी चालायचे आणि ते बहुधा चढाईत व मधल्या फळीत वापरले जायचे. बगलेवरच्या उरलेल्या जागांसाठी मंदार राव देसाई, जॅकीचंद सिंग, ब्रँडन फर्नांडिस रांगेत होते. लिस्टन डाव्या बगलेवर खेळणारा उजव्या पायाचा खेळाडू. तो आत कापून लांबून फटका मारतो. राज्य पातळीवर हे एकच हत्यार पुरते, कारण तिथला उजवा बचावपटू एकटा असतो. आयएसएलमध्ये आतल्या बाजूची वाट बंद करायला बचावात्मक मिडफिल्डर आधीच उभा असतो, आणि चेंडू गेल्यावर पन्नास मीटर मागे न धावणाऱ्या विंगरला प्रशिक्षक साठाव्या मिनिटाआधी उतरवत नाही. तीन मोसम लिस्टनला तुटक मिनिटे मिळाली. एफसी गोवाच्या राखीव संघात खेळून पाय चालू राहिले, पण तिथल्या प्रतिस्पर्ध्याला हरवून वरच्या पातळीचा अंदाज येत नाही.

म्हणून २०२० च्या जानेवारीत हैदराबादला जाणे हा माझ्या मते या कहाणीतला कळीचा निर्णय. हैदराबाद त्या मोसमात तळाला राहिला: १८ सामन्यांत १० गुण. नावाने बघितले तर ही उतरण होती. पण २०२०-२१ मध्ये प्रशिक्षक म्हणून मानोलो मार्केझ आले, त्यांनी तरुण भारतीयांना खेळवले आणि लिस्टनला सलग मोसम मिळाला. कोविडमुळे ती अख्खी स्पर्धा गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे झाली. म्हणजे गोवा सोडलेला मुलगा गोव्याच्याच मैदानांवर, पण दुसऱ्या जर्सीत, मोठा झाला. हैदराबाद पाचवा आला. मार्चमध्ये लिस्टन भारताकडून उतरला, एप्रिलमध्ये बागानचा करार झाला. पुढच्या, २०२१-२२ च्या मोसमात त्याने आयएसएलमध्ये ८ गोल केले, आणि मे २०२२ मध्ये एएफसी चषकात बशुंधरा किंग्जविरुद्ध हॅटट्रिक. त्याच मोसमापासून मैदानावरच्या परदेशींची संख्या पाचावरून चारवर आली, हेही विसरू नये. भारतीय विंगरची जागा नियमानेच रुंद झाली होती.

त्यानंतर गोल आटले. सगळ्यांना त्याचा आत कापण्याचा कोन पाठ झाला होता. मग तो बाहेरून जाऊन क्रॉस देणे शिकला. १५ एप्रिल २०२४ ला सॉल्ट लेकवर मुंबई सिटीला २-१ ने हरवून बागानने लीग शील्ड, म्हणजे आयएसएलच्या गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल जिंकली, त्यात पहिला गोल त्याचा होता.

आता कागदांकडे, कारण गोव्यातली मुले पायांपेक्षा कागदावर जास्त अडकतात. फिफाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा लांब असू शकत नाही, मोठ्यांचा साधारण पाच वर्षांपर्यंत. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणे करता येते, त्याआधी नव्या क्लबाने सध्याच्या क्लबला लेखी कळवणे भाग असते. एका मोसमात खेळाडूची नोंदणी तीन क्लबांत होऊ शकते, पण अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून. ऑगस्टमध्ये एका संघाकडून स्थानिक लीगचा एक सामना खेळला, ऑक्टोबरात दुसरीकडे गेला, तर जानेवारीतली चांगली संधी हातातून जाते. वर्षानुवर्षे घडणारी चूक हीच. दुसरी चूक म्हणजे उन्हाळ्यातल्या गावच्या स्पर्धा. शेतातली जमीन उंचसखल आणि कडक असते, घोटा मुरगळतो, गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. करारात परवानगीशिवाय बाहेर खेळू नये असे कलम असेल तर उपचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो.

तिसरी गोष्ट गावच्या क्लबांसाठी. खेळाडू रकमेवर परदेशी क्लबात गेला तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या प्रत्येक मोसमाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ च्या प्रत्येक मोसमाला ०.५ टक्के. समजा १ कोटीचा असा सौदा झाला आणि मुलगा चार मोसम, बारा ते पंधरा, एका वाड्यावरच्या क्लबात होता, तर त्या क्लबाला १ लाख मिळतात. जाळी, चेंडू आणि प्रशिक्षकाचे काही महिन्यांचे मानधन त्यात निघते. पण ही वाटणी खेळाडूच्या नोंदणी-पासपोर्टवरून, म्हणजे तो कोणत्या वयात कुठल्या क्लबात नोंदलेला होता याच्या दाखल्यावरून होते. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्या वयात त्याचे नाव क्लबाखाली चढवलेले नसेल तर क्लबाचे नाव त्या पासपोर्टवर येत नाही. देशातल्या देशात झालेल्या बदलीला हा हिशेब आपोआप लागत नाही. म्हणून सोडताना दिलेल्या ना-हरकत पत्रातच पुढच्या विक्रीतला हिस्सा लिहून घ्यावा लागतो. तोंडी शब्दावर मुलगा सोडणारे क्लब अजून बरेच आहेत.