घमेल्यांच्या रांगेतला आवाज

“अ‍ॅनालॉग डिलेच घे, त्यात आवाजाचे तुकडे होत नाहीत.” जळगाव-धुळ्याकडे ऑर्केस्ट्रात गिटार धरणाऱ्या नव्या मुलांना हा सल्ला हमखास मिळतो. देणारा मनापासून देतो, पण सल्ला चुकीचा आहे. तुकडे अ‍ॅनालॉग आणि डिजिटल दोन्हीकडे होतात. त्या तुकड्यांचं पुढे काय होतं एवढाच फरक आहे, आणि तो समजला की स्टेजसाठी कोणतं पेडल (पायाने चालू-बंद करायची इफेक्टची पेटी) घ्यायचं हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

डिले म्हणजे मुळात माइकवरचा ‘एको’च. गिटारचा मूळ सूर सरळ पुढे जातो आणि त्याची नक्कल थोडा वेळ अडवून मागाहून सोडली जाते. किती वेळ अडवायची ते टाइमचा नॉब ठरवतो, किती मोठी ऐकवायची ते मिक्सचा. फीडबॅकचा नॉब बाहेर पडणाऱ्या नकलेचा काही भाग परत आत ढकलतो. तो निम्म्यावर असेल तर प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्या निम्म्या उंचीची येते, म्हणजे ६ डेसिबलने कमी. पूर्ण परत ढकलला तर आवाज विझतच नाही, वाढत जाऊन किंचाळतो.

प्रश्न आहे तो अडवण्याचा. वाहता आवाज तारेत थांबवून कसा ठेवायचा?

१९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या सँगस्टर आणि तीर या दोघांनी याचं जे उत्तर मांडलं, ते समजायला गावात स्लॅब पडतो तो दिवस आठवावा. खाली मिक्सर, वर सेंट्रिंग, आणि मधे शिडीवर माणसांची रांग. घमेलं हातोहात वर जातं. कोणी जागा सोडत नाही, फक्त माल सरकतो. खालचं घमेलं वर पोचायला जो वेळ लागतो, तोच डिले. चिपमध्ये माणसांच्या जागी हजारो बारीक कपॅसिटर असतात आणि माल म्हणजे विद्युतप्रभार. गिटारचा सिग्नल त्या क्षणी जितका उंच, तितकं पहिलं घमेलं भरतं. मग मुकादमाची शिट्टी (चिपमध्ये ती म्हणजे घड्याळाचा ठोका), की घमेलं पुढच्याच्या हातात.

आता बारकाईने पाहा. घेणाऱ्याचे हात रिकामे असल्याशिवाय घमेलं देता येत नाही. म्हणून रांगेत एक भरलेला आणि एक रिकामा अशीच माणसं लागतात आणि शिट्ट्याही दोन: एका शिट्टीला विषम जागांवरचे देतात, दुसरीला सम जागांवरचे. म्हणजे ४०९६ घमेल्यांच्या चिपमध्ये एका वेळी नमुने (आवाजाचे तुकडे) असतात फक्त २०४८. डिलेचा हिशेब त्यावरूनच निघतो: घमेल्यांची संख्या भागिले घड्याळाच्या वेगाची दुप्पट. एमएन३००५ ही गाजलेली चिप ४०९६ घमेल्यांची. घड्याळ सेकंदाला १०,००० ठोक्यांचं असेल तर तिच्यातून २०४.८ मिलिसेकंद डिले मिळतो. १९८१ साली आलेल्या बॉस कंपनीच्या डीएम-२ या पेडलमध्ये याच चिपवर ३०० मिलिसेकंदांपर्यंत मजल होती. उलटा हिशेब करा: तेवढं थांबवायचं तर घड्याळ ६,८०० ठोक्यांच्या आसपास उतरवावं लागतं.

आणि तिथेच खरी किंमत मोजावी लागते. सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज त्यात मावतो. ६,८०० नमुन्यांत ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही बसत नाही. जबरदस्तीने बसवलं तर ते भलत्याच सुराचं सोंग घेऊन खाली उतरतं. म्हणून चिपच्या आधी गाळणी लावून वरचा आवाज कापतात, आणि घड्याळाची शिट्टी बाहेर ऐकू येऊ नये म्हणून चिपनंतरही एक लावतात. शिवाय हजारो हातांतून जाताना माल थोडा सांडतो. त्याची खरखर होते. ज्याला ‘अ‍ॅनालॉगची ऊब’ म्हणून पूजलं जातं ते एवढंच आहे: वरचा आवाज कापलेला, थोडा सांडलेला. जुन्या चिपमध्ये आत्मा असतो म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचं कारण नाही.

तुकडे मात्र झालेच. फक्त तुकड्याची उंची आकड्यात लिहिली नाही, घमेल्यात भरून ठेवली. डिजिटल पेडल तीच उंची आकड्यात लिहून मेमरीत टाकतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, तरी एका सेकंदाला ९० किलोबाइटसुद्धा लागत नाहीत. बॉसच्याच १९८३च्या डीडी-२ या डिजिटल पेडलमध्ये ८०० मिलिसेकंद ही नवलाई होती, आज कित्येक सेकंद स्वस्तात मिळतात.

रांगेची आणखी एक करामत दुकानात करून पाहण्यासारखी आहे. अ‍ॅनालॉग पेडलवर एक सूर सोडा आणि पुनरावृत्त्या चालू असताना टाइमचा नॉब फिरवा. सूर रबरासारखा वर-खाली ताणला जातो. घमेली भरली एका वेगाने आणि आता रिकामी होतात दुसऱ्याच वेगाने, म्हणून. डिजिटलमध्ये हे मुद्दाम घडवावं लागतं. तशी सोय नसेल तर आवाज तुटतो किंवा कटकटतो, म्हणून चालू गाण्यात तो नॉब फिरवू नका.

स्टेजवर या कापलेल्या आवाजाचा फायदाच होतो. २४व्या पडद्यावरच्या सगळ्यात उंच सुराची मूळ वारंवारताही साधारण १,३२० हर्ट्झ असते, त्यामुळे गाळणीनंतरही सूर शाबूत राहतो, जाते ती फक्त प्लेक्ट्रमच्या (तार छेडायच्या पत्तीच्या) टोकाची टकटक. गायकाची व्यंजनं २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात कळतात. डिजिटल डिलेची लख्ख नक्कल नेमकी तिथेच येऊन बसते आणि अहिराणी गाण्याचे शब्द खाते. म्हणून डिजिटल घेताना त्यावर टोन किंवा हाय-कटचा नॉब आहे का हे पाहा आणि पुनरावृत्त्या ३,००० हर्ट्झच्या आसपास कापा. गिटार अ‍ॅम्पमधून न जाता थेट मिक्सरला जाणार असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तिथे वरचा आवाज गिळणारा गिटारचा स्पीकर नसतो.

टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन पेडलला लय सांगायची सोय) नसलेलं पेडल स्टेजसाठी घेऊच नये, या मतावर मी ठाम आहे. एका मात्रेचा वेळ म्हणजे ६०,००० भागिले मिनिटाच्या मात्रा. १२०च्या लयीला ५०० मिलिसेकंद, त्याचा पाऊण भाग ३७५. नाचणारे रंगात आले की ढोलकी चढते. लय १२६ झाली की पाऊण भाग ३५७ व्हायला हवा. पेडल ३७५ वरच राहिलं तर चौथी पुनरावृत्ती ७० मिलिसेकंदांहून जास्त मागे पडते आणि वाजवणारा बेताल वाटतो. गाण्याची चाल तिनाच्या हिशेबात असेल तर पाऊण भाग चालत नाही, दोन-तृतीयांश लागतो (१२०ला ३३३ मिलिसेकंद). ती विभागणी पेडलवर आहे का, बघून घ्या. ढोलकीवाला १० मीटरवर असला तर त्याचा ठोका तुमच्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा येतो, पण टॅप करताना त्याची काळजी नको. पेडल दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं आणि उशीर दोन्हींना सारखाच असतो.

आता वीज. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांना मधली पिन ऋण लागते. कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. उलटा पडला तर पेडल जळू शकतं. साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज किंचित फाडणाऱ्या पेडलला) १० मिलिअँपिअर पुरतात, काही डिजिटल डिलेंना २०० ते ३०० लागतात. सगळ्यांची बेरीज करून वर पाव हिस्सा जास्त देणारा पुरवठा घ्या, शक्यतो प्रत्येक पेडलला वेगळी, अलग केलेली वाट असलेला. एकाच वायरवर माळ लावली की डिजिटल पेडलच्या घड्याळाची बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे फुगते. मांडवात जनरेटर दमला की पेडल मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतं, तेव्हा रॅकला लिंबू-मिरची बांधून काही होत नाही. नजर लागलेली नसते, करंट अपुरा असतो. दुकानातच प्लग काढून पुन्हा लावा आणि सेकंद मोजा. सेटिंग जसंच्या तसं परत आलं पाहिजे.

आणखी एक चाचणी: कॉर्ड वाजवा आणि लगेच पायाने पेडल बंद करा. उरलेल्या पुनरावृत्त्यांचं शेपूट हळूहळू विझलं तर ठीक. कचकन तुटलं तर सोलो संपताना ते सगळ्यांना ऐकू येईल. अशा शेपूट राखणाऱ्या पेडलमध्ये बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असतो, आणि लांब केबलमध्ये वरचा आवाज जिरतो तोही त्याने वाचतो.

डिलेचं पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज जोरात फाडणाऱ्या पेडलच्या) नंतर लावा. आधी लावलं तर मंद पुनरावृत्त्याही डिस्टॉर्शनमधून चेपून मूळ सुराइतक्याच मोठ्या होतात आणि सगळा गाळ होतो.

फीडबॅक जागेवर पोचल्यावरच ठरवा. फरशी आणि पत्र्याचं छत असलेल्या मंगल कार्यालयात एक टाळी वाजवा. तिचा घुमारा दीड-दोन सेकंद टिकला तर दोनच पुनरावृत्त्या ठेवा, खोलीचं काम खोली करतेच आहे. उघड्या मैदानात काहीच परत येत नाही, तिथे चार चालतात. समोर ३४ मीटरवर शाळेची भिंत असेल तर मात्र तिचा स्वतःचा डिले मिळतो: हिवाळ्यातल्या १० अंशांच्या रात्री साधारण २०१ मिलिसेकंद, मे महिन्यातल्या ४४ अंशांत १९०, कारण तापलेल्या हवेत आवाज वेगाने धावतो. रिकाम्या हॉलमधलं साउंड-चेक फसवं असतं. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, पंगत उठून लोक खुर्च्यांवर आले की तोच हॉल कोरडा होतो. दुपारी मिक्स थोडा कमीच ठेवा आणि पहिल्या गाण्यानंतर वाढवा.