चार बाटल्या एकत्र ओतल्या म्हणजे कंपोझिट होत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, नोंदवही उघडली की एक ओळ हमखास सापडते: '२४ तासांचा कंपोझिट नमुना घेतला.' म्हणजे दिवसभराच्या सांडपाण्याचा एकत्र नमुना. कसा घेतला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, एकेक बाटली भरली आणि कॅनमध्ये ओतली. झाला ना भाऊ कंपोझिट!' नाही झाला. आणि त्या कॅनवरून आलेला आकडा वर्षभर खरा धरला जातो, याचा मला मनापासून त्रास होतो.

ग्रॅब नमुन्यावर फार बोलत नाही. विसर्गाच्या जागी एका दमात भरलेली बाटली, ती त्या मिनिटाच्या पाण्याबद्दलच सांगते. बाटलीवर वेळ लिहा, बास.

कंपोझिट मात्र पूर्ण पाळीत किंवा दिवसात मिळून काय बाहेर गेलं ते सांगतो. घोळ होतो तो 'मिळून' या शब्दापाशी. आपल्याकडे प्रत्येकाला माती परीक्षण ठाऊक आहे. कापसाच्या वावरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, सारखी मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. तीच सवय लोक पाइपाच्या तोंडाशी आणतात. पण माती जागेवर असते. पाणी कधी धो धो येतं, कधी करंगळीएवढं.

त्यापेक्षा दूध डेअरी डोळ्यासमोर आणा. एकाने ७ फॅटचं १० लिटर म्हशीचं दूध घातलं, दुसऱ्याने ३.५ फॅटचं ९० लिटर गाईचं. दोघांच्या कॅनमधून एकेक चमचा घेऊन मिसळला तर फॅट ५.२५ येईल. टँकरमध्ये मात्र ३.८५ असेल. या हिशोबाने पैसे द्यायला कुठलीही डेअरी तयार होणार नाही. सांडपाण्याला मात्र हाच हिशोब बिनधास्त लावतात.

आता सांडपाण्याचे आकडे घ्या. धुण्याच्या तासाला २० घनमीटर पाणी गेलं, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) ४०. नंतरच्या संथ तासाला ५ घनमीटर, बीओडी १०. सारख्या बाटल्या मिसळल्या तर २५ येतो, म्हणजे ३० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेत. प्रवाहाच्या प्रमाणात मिसळल्या तर ३४. त्याच प्लँटचं, त्याच दिवसाचं पाणी एका कागदावर पास आणि दुसऱ्यावर नापास. खरा आकडा ३४ आहे, कारण नाल्यात तेच गेलं.

म्हणून दर तासाची बाटली वेगळी ठेवा, लगेच मिसळू नका. सोबत फ्लोमीटरचं रीडिंग लिहा. दिवस संपल्यावर प्रत्येक घनमीटरमागे, समजा, १० मिली घ्या: २० घनमीटरच्या तासाचे २०० मिली, ५ घनमीटरच्या तासाचे ५० मिली. ओतण्याआधी बाटली हलवा, नाहीतर गाळ तळाशीच राहतो. विसर्ग खरोखरच दिवसभर एकसारखा असेल तर सारखे भाग चालतील. पण तो एकसारखा आहे हे रीडिंगवरूनच कळणार, अंदाजाने नाही.

कंपोझिट चांगला म्हणून सगळं त्यातच तपासायचं, ही दुसरी चूक. पीएच कधीही कंपोझिटमध्ये पाहू नका. डेअरीत टाक्या नि पाइप आधी कॉस्टिकने धुतात, मग ॲसिडने. एका वेळी पीएच ११-१२, नंतर २-३. दोन्ही एका कॅनमध्ये आलं की एकमेकांना मारतं आणि अहवालात ७ च्या आसपासचा देखणा आकडा येतो. सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९ आहे आणि त्या दिवशी ती दोनदा मोडली, तरी कागदावर काहीच नाही. पीएच आणि तापमान जागेवरच मोजा. तेल-ग्रीससाठी काचेची वेगळी बाटली, कारण तेल बाटलीच्या आतून चिकटतं आणि ओताओतीत मागे राहतं. क्लोरीन आणि जिवाणूंच्या तपासणीलाही ग्रॅबच हवा.

आणि ऊन! मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. अशा दिवसांत सकाळची बाटली संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर जिवाणू बीओडी खाऊन मोकळे होतात आणि आकडा आपोआप कमी येतो. पहिली बाटली भरल्यापासूनच बर्फाची पेटी लागते, ४ अंशांच्या आसपास. लॅबला निघताना आणलेला बर्फ उपयोगाचा नाही.

तुमचा कंपोझिट आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कायदेशीर नमुनाही एक समजू नका. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे अधिकारी तिथल्या तिथे नोटीस देतात, तुमच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करतात, दोन्हींवर सील नि सह्या होतात. तुमचा नमुना तुमच्या प्लँटचं काय चाललंय हे तुम्हाला कळावं म्हणून आहे. मंडळाच्या संमतीपत्रात कोणता नमुना, किती वेळा, हे लिहिलेलं असेल तर तेच पाळा.

नोंदवहीत नुसतं 'कंपोझिट' लिहू नका. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती वेळाने बाटली भरली, प्रत्येक वेळचं रीडिंग, कुठल्या बाटलीतून किती मिली घेतलं, कोणी घेतलं, एवढं त्याच वेळी लिहा. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली पानं मला लांबून ओळखू येतात. आणि ज्या तासाला पाणी बाहेर गेलंच नाही, तो रकाना कोरा सोडू नका. रीडिंग लिहून पुढे 'विसर्ग शून्य' लिहा. कोऱ्या रकान्याचा अर्थ पाणी आलं नाही असाही होतो आणि माणूस आला नाही असाही.