‘खेळालाही चालेल, पोर्ट्रेटलाही’ : एका बॉडीच्या शोधाची पार्श्वभूमी

शनिवारी रात्री कबड्डीचे सामने आणि रविवारी सकाळी प्री-वेडिंग, अशी दोन्ही कामं घेणारा फोटोग्राफर आपल्याकडे पैशाला पासरी सापडेल. त्याला कॅमेऱ्याची बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) मात्र एकच परवडते, आणि ती खेळालाही चालावी, पोर्ट्रेटलाही, असं त्याला वाटतं. दुकानात गेला की त्याच्यासमोर दोन खोकी येतात, एक ‘स्पीड’चं आणि एक ‘फुल फ्रेम’चं. ही वाटणी दुकानदाराच्या डोक्यातून आलेली नाही. ती २००१-०२ सालची आहे.

फिल्मच्या काळात हा घोळ नव्हता. चित्राचा दर्जा ठरवायची फिल्म आणि लेन्स. बॉडी फक्त रीळ ओढायची. १९९६चा निकॉन एफ५ सेकंदाला ८ फ्रेम (म्हणजे ८ फोटो) ओढायचा, म्हणजे ३६चा रोल साडेचार सेकंदांत फस्त. त्याच बॉडीत दुसऱ्या दिवशी पोर्ट्रेटची फिल्म घातली की काम भागलं.

डिजिटलमध्ये फिल्मच बॉडीत कायमची बसली, सेन्सर म्हणून. १९९९च्या निकॉन डी१मध्ये २.७ मेगापिक्सेल होते आणि वेग सेकंदाला साडेचार फ्रेम. मग कॅननची वन-डी आली २००१मध्ये : ४ मेगापिक्सेल, ८ फ्रेम. पुढच्याच वर्षी वन-डीएस : ११ मेगापिक्सेल, ३ फ्रेम. नावात एका अक्षराचा फरक, ठेवण जवळपास तीच. गुणाकार करून बघा : एकीचे सेकंदाला ३२ मेगापिक्सेल, दुसरीचे ३३. म्हणजे सेन्सरवरून चित्र वाहून नेणारा नळ सारख्याच जाडीचा होता. त्यातून लहान फोटो भराभर काढा नाहीतर मोठे फोटो सावकाश, एवढीच निवड. पुढे या नळाच्या अडचणीला ‘ही खेळाची, ही स्टुडिओची’ अशी घराणी चिकटली आणि ती आजतागायत सुटलेली नाहीत.

दुसरा घोळ शब्दांचा, आणि माझ्या मते यानेच जास्त लोकांचे पैसे घालवले. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर म्हणजे ‘फुल’ आणि त्याहून लहान तो ‘क्रॉप’. ‘कापलेला’ म्हटल्यावर कमअस्सल वाटणारच! खरं तर ‘फुल’ हे माप जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मचं. मोठ्या फिल्मवर काम करणारे त्यालाच लहान म्हणायचे. लहान सेन्सरचं ‘एपीएस-सी’ हे नावही १९९६ साली बाजारात आलेल्या एका फिल्मच्या मापावरून पडलं. ती फिल्म गेली, नाव उरलं.

त्यात ‘क्रॉपवर २०० मिलिमीटरची लेन्स ३००ची होते’ हे वाक्य. लेन्स काही लांब होत नाही, चित्राच्या कडा कापल्या जातात. पण कोर्टाच्या रेषेबाहेर बसलेल्याला त्याचा उपयोग खराच आहे : रेडर पलीकडच्या लॉबीत गेला तरी फ्रेम भरते, आणि मोठी लेन्स विकत घ्यावी लागत नाही. लाखांत किंमत असलेली ४०० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) आपल्यातल्या किती जणांनी हातात तरी धरली आहे? म्हणून २००९ची कॅनन सेव्हन-डी (क्रॉप, १८ मेगापिक्सेल, ८ फ्रेम) आणि २०१६ची निकॉन डी५०० (२०.९ मेगापिक्सेल, १० फ्रेम) या गरिबाच्या स्पोर्ट्स बॉड्या ठरल्या.

तोच गुण पोर्ट्रेटला आडवा येतो. दीडच्या क्रॉपवर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरवर) ८५ची लेन्स लावली की ती जवळजवळ १२८सारखं दाखवते. मी टू-बीएचकेच्या हॉलमध्ये नवरीचा कमरेपर्यंतचा फोटो घ्यायला मागे मागे सरकत पाठीने शोकेसची काच वाजवलेली आहे. मग लावायची ५० एफ/१.८. पण फुल फ्रेमच्या हिशेबात तिचा ब्लर (मागचं धूसर होणं) ७५ एफ/२.७ इतकाच येतो, म्हणजे मागचा पडदा विरघळत नाही, नुसता मऊ होतो. २००५ची कॅनन फाइव्ह-डी इथे लग्नवाल्यांच्या हाती लागली. १२.८ मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा सेन्सर, वेग फक्त ३ फ्रेम, फोकसचे पॉइंट ९. ‘पोर्ट्रेट म्हणजे फुल फ्रेम’ हा समज तिथून घट्ट झाला.

फुल फ्रेमला वेग येत नाही हा समज मात्र २००७लाच मोडायला हवा होता. निकॉन डी३ पूर्ण आकारात १२ मेगापिक्सेलचे ९ फ्रेम काढायची, शिवाय आयएसओ (उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता) ६४००वर नेऊन काढलेला फोटोही छापण्याजोगा. मैदानावरच्या मिणमिणत्या उजेडात ते जास्त मोलाचं. २०११च्या अखेरीस कॅननने वन-डी एक्स जाहीर करून वन-डी आणि वन-डीएस या आपल्या दोन्ही शाखा एक केल्या : १८ मेगापिक्सेल, १२ फ्रेम. त्यात वन-डीचा १.३चा क्रॉप गेला, आणि आधीच्या वन-डीला जमणारं एफ/८वरचं ऑटोफोकसही सुरुवातीला गेलं; ते २०१२मध्ये फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेने) परत आलं. टेलिकन्व्हर्टर (लेन्स लांब करणारा, पण उजेड कमी करून एफचा आकडा वाढवणारा जोड) लावून लांबचं टिपणारे तेव्हा वैतागले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

२०१७च्या निकॉन डी८५०ने तर क्रॉपचा वाद जवळपास निकालात काढला. ४५.७ मेगापिक्सेलच्या चित्राचा मधला तुकडा घेतला तरी १९ उरतात, म्हणजे पोटात एक डी५०० आहेच. ग्रिप (बॉडीखाली लावायची जादा मूठ) आणि मोठी बॅटरी घातली तर वेग ९ फ्रेम. ग्रिपचा खर्च जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो, ते सोडा.

त्याच वर्षी सोनी ए९ आली. आरसा नाही, सेकंदाला २० फ्रेम, आणि फोटो निघताना व्ह्यूफाइंडर काळा पडत नाही. नंतर डोळा ओळखून त्यावर टिकून राहणारं फोकस मुरत गेलं. पूर्वी एफ/१.४वर पापणी शार्प आणि बुबुळ मऊ, हे ठरलेलं असायचं. आता पोर्ट्रेटमध्ये डोळा धरणारी यंत्रणाच मैदानात धावणाऱ्याचा चेहरा धरते. कुरबुरी इलेक्ट्रॉनिक शटरच्या : सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने फिरलेली बॅट वाकडी दिसते आणि काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे येतात. २०२३च्या ए९ थ्रीने सगळा सेन्सर एकदम वाचून ते घालवलं. वर फ्लॅश कुठल्याही शटर स्पीडला जुळतो, म्हणजे भर उन्हात एफ/१.४वर फ्लॅश मारून पोर्ट्रेट. त्या बदल्यात तिचा आयएसओ जरा चढा, २५०पासून सुरू होतो.

१७ जुलै २०२४ला कॅननने एकाच दिवशी दोन बॉड्या जाहीर केल्या. आर-वन : २४ मेगापिक्सेल, ४० फ्रेम. आर-फाइव्ह मार्क टू : ४५ मेगापिक्सेल, ३० फ्रेम. पुन्हा गुणाकार केला तर पहिलीचे ९६०, दुसरीचे १३५०. नळ आता दुसरीचाच जाड आहे. तरी खेळाची म्हणून पुढे केली जाते ती पहिली, कारण सामना चालू असतानाच फोटो पाठवायचा तर फाइल हलकी लागते. आणि महाग आहे तीही पहिलीच.