गणवेश अचूक, लढाई खोटी

युद्धपट पाहून थिएटरबाहेर पडलेला नाशिककर हमखास दोनपैकी एक वाक्य बोलतो : "एकदम रिअल वाटतं राव" नाहीतर "सगळं चुकीचं दाखवलंय". देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, त्यामुळे प्रत्येकाच्या ओळखीत एखादा फौजी असतोच. मग मत द्यायला कोण मागे राहणार? पण ही दोन वाक्यं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. एक आहे वास्तवाचा भास, दुसरी लष्करी अचूकता.

अचूकता तपासता येते. फौजेतल्या 'नायक' हुद्द्याच्या जवानाच्या बाहीवर दोन पट्ट्या, हवालदाराच्या तीन; चुकल्या तर चुकल्या. १९६५च्या 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये जर्मन रणगाडे म्हणून अमेरिकी पॅटन धावतात आणि बेल्जियमच्या बर्फाळ आर्डेन जंगलाच्या जागी स्पेनचं कोरडं माळरान दिसतं. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधले टायगर रणगाडेही रशियन टी-३४च्या सांगाड्यावर चढवलेला मुखवटाच. तरी फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरतं तेव्हाचा तो गोंधळ अंगावर येतो. तपशिलाची खोट कळूनही पोटात गोळा येतो, यातच सगळं आलं.

भासाचं मोजमाप एवढं सोपं नाही. स्फोटच घ्या. पडद्यावर तोफगोळा फुटला की केशरी आगीचा लोळ उठतो. तो पेट्रोलचा असतो. खरा गोळा फुटतो तेव्हा क्षणभर चमक, मग माती-धुराचा काळपट-करडा फवारा. माणूस मारतात त्या सुसाट उडालेल्या किरच्या, आणि त्या कॅमेऱ्यात नीट दिसतच नाहीत. आवाजाचीही तीच गत. तीन किलोमीटरवरच्या स्फोटाचा धूर आधी दिसतो, धडाका साधारण नऊ सेकंदांनी येतो. देवळालीच्या रेंजचं फायरिंग लांबून पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. सिनेमात मात्र दोन्ही एकदम. खरं दाखवलं तर प्रेक्षक म्हणेल, साउंड बिघडलाय!

उलटही घडतं. 'डंकर्क'मध्ये जर्मन विमानांची नाकं पिवळी आहेत. तो रंग प्रत्यक्षात त्या लढाईनंतर आला, पण आकाशात मित्र कोण, शत्रू कोण हे चटकन कळावं म्हणून दिग्दर्शकाने जाणूनबुजून घेतला. ही चूक मी माफ करतो. 'बॉर्डर'चं मात्र मनाला पटत नाही. लोंगेवाला खरं, २३ पंजाबची कंपनी खरी, सकाळी जैसलमेरहून आलेली हंटर विमानंही खरी. पण १९७१च्या त्या लढाईत आपले दोन जवान गेले, पडद्यावर कितीतरी जास्त. रडवण्यासाठी आकडा फुगवणं आणि ओळख पटावी म्हणून नाक रंगवणं, एका तराजूत कसं तोलायचं?

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात तरी लोकांनी धरायला हवी. तोफखान्याच्या गनरला सहसा लक्ष्य दिसतच नाही. पुढे ओपीत, म्हणजे निरीक्षण चौकीत, बसलेला अधिकारी गोळा कुठे पडला ते पाहतो, वायरलेसवर दुरुस्ती कळवतो, मागे गणित होतं आणि नळी थोडी हलते. कारगिलमध्ये बोफोर्सने समोर दिसणाऱ्या शिखरांवर थेट मारा केला, तो अपवाद. सिनेमातला गनर मात्र डोळे बारीक करून शत्रूकडे रोखून बघतो. ओपीतला तो माणूस, हातात नकाशा, कानाला हेडसेट, पुढच्या गोळ्याची वाट बघतोय, एवढा एक प्रसंग कुणी नीट चित्रित केला तर मी पहिल्या दिवशीचं तिकीट काढेन.