दगडातल्या पानाचे नातेवाईक

दगड फोडल्यावर आत पानाचा ठसा निघाला, की आकार बघून लगेच नाव द्यायचा मोह होतो. एकोणिसाव्या शतकात अनेक अभ्यासकांनी तेच केलं. रुंद पान आणि अखंड कडा दिसली की ‘फायकस’, म्हणजे वड-पिंपळाची प्रजाती, असं नोंदवून ते मोकळे झाले. यातली कितीतरी नावं पुढे बदलावी लागली. पानाचा आकार फार बेभरवशाचा असतो. तुतीच्या एकाच झाडावर अखंड पानं असतात आणि खोल खाचांचीही. उन्हातलं पान लहान आणि जाड, सावलीतलं मोठं आणि पातळ. ती दोन वेगवेगळी सापडली, तर दोन जातींची वाटू शकतात.

त्यापेक्षा शिरा जास्त खरं सांगतात. पण तिथेही घाई नडते. बोर आणि दालचिनी यांचं जवळचं नातं नाही, तरी दोन्हींच्या पानांत देठाजवळून तीन ठळक शिरा निघून टोकाकडे जातात. म्हणून मुख्य शिरांवर न थांबता बारकाईनं बघावं लागतं. बोराच्या कडेला बारीक दाते असतात, दालचिनीची कड सलग असते. दाते असले तर शीर दात्याच्या टोकाशी संपते की खाचेकडे वळते? सर्वांत बारीक जाळीतली घरं चौकोनी आहेत की वेडीवाकडी? तुलनेसाठी जिवंत झाडांची पानं अल्कलीत भिजवून रंगहीन करतात आणि लाल रंग देतात, मग शिरांचं सगळं जाळं उघडं पडतं. पानाचं मेणचट आवरण दगडात टिकलं असेल, तर ते आम्लानं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्यावर पेशींच्या सीमा, पर्णरंध्रं आणि लवेच्या खुणासुद्धा दिसतात. माझ्या मते या विद्येतला सर्वांत थक्क करणारा भाग हाच आहे.

एका झाडाचं एकच पान बघून मात्र भागत नाही. कुळातल्या शक्य तितक्या जातींची, वेगवेगळ्या फांद्यांवरची पानं बघितली, तरच कुठला गुण कुळाचा आणि कुठला उन्हा-सावलीचा, हे कळतं.

चिकाटीनं केलेली तुलना कुठवर नेते, ते जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांच्या कामात दिसतं. जपानमधल्या जीवाश्मांत त्यांना काही शंकूधारी झाडांच्या डहाळ्या मिळाल्या. तशा डहाळ्या आधी सेक्वोया किंवा टॅक्सोडियम म्हणून नोंदवल्या जात. पण त्या दोन्ही झाडांची पानं एकाआड एक असतात, तर मिकींच्या डहाळ्यांवर ती समोरासमोर जोडीनं होती. शंकूवरच्या खवल्यांची मांडणीही तशीच जोडीजोडीची. मिकींनी 1941 मध्ये ‘मेटासेक्वोया’ ही नवी प्रजाती मांडली, तीही नामशेष झालेली म्हणून. त्याच दशकात चीनमधल्या डोंगराळ भागात ती झाडं जिवंत सापडली. 1948 मध्ये हू श्येनसू आणि चेंग वानजून यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. जिवंत झाडाची ओळख इथे दगडामुळे पटली!

नातेवाईक सापडला म्हणजे त्याच्या सवयीही प्राचीन झाडाला लावाव्यात, असं नाही. कॅनडाच्या अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावर सुमारे 4.5 कोटी वर्षांपूर्वीचे मेटासेक्वोयाचे बुंधे आहेत, जवळजवळ 80 अंश उत्तरेला. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. आजच्या रानटी मेटासेक्वोयाला अशी रात्र माहीत नाही.

काही पानांना तर नातेवाईकच उरलेले नाहीत. पर्मियन काळातल्या, म्हणजे सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीच्या, ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या जिभेसारख्या पानावर जाळीदार शिरा आहेत, त्यामुळे ते सपुष्प झाडाचं वाटू शकतं. सपुष्प वनस्पती मात्र त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी आल्या. त्याला नेच्यांमध्येही बसवून झालं होतं. 1952 मध्ये जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक एडना प्लमस्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या जीवाश्मांत पानाला प्रत्यक्ष जोडलेले प्रजननाचे अवयव दाखवले, तेव्हा कुठे या झाडाच्या जागेबद्दलच्या चर्चेला ठोस आधार मिळाला.