आमसुलाचे पाणी आणि मांडीतले इंजेक्शन

गेल्या महिन्यात इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या शेजारच्या काकूंनी दाढदुखीसाठी अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातील औषधाची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात त्यांच्या पोटावर व दंडांवर लाल, खाजणाऱ्या गांधी उठल्या. पित्त उठले, असे घरात सर्वांनी ठरवले. लगेच आमसुले भिजत घातली आणि त्यांचे पाणी अंगाला चोळले. ‘हीच गोळी मी मागच्या वर्षीही घेतली होती, तेव्हा काही झाले नाही, मग आजच कसे होईल?’ असे काकू म्हणत राहिल्या. पुढच्या दहा मिनिटांत त्यांचा आवाज घोगरा झाला आणि उठून उभ्या राहताच त्यांना घेरी आली.

यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी या गांधींचा काहीही संबंध नाही. त्यांचे मूळ मास्ट पेशींत असते, आणि या पेशी त्वचेत, श्वासमार्गात व आतड्यांच्या अस्तरात, म्हणजे बाहेरचे जग शरीराला जेथे जेथे भिडते तेथे, पहाऱ्यावर बसलेल्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले तेव्हा दाण्यांनी गच्च भरलेल्या या पेशी खाऊनपिऊन पुष्ट झाल्या असाव्यात असे त्यांना वाटले, आणि त्या अर्थाचे जर्मन नाव त्यांनी दिले. प्रत्यक्षात ते दाणे म्हणजे हिस्टामीन आणि इतर जहाल रसायने भरलेल्या पुड्या होत.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मागच्या वर्षीची गोळी निरुपद्रवी वाटली, पण औषधाचे रेणू रक्तातील प्रथिनांना चिकटतात आणि काही व्यक्तींचे शरीर त्या जोडीला शत्रू समजून तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. जपानी शास्त्रज्ञ इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये ज्याचा शोध प्रसिद्ध केला तेच हे प्रतिपिंड. ते इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे असून आपला दांडा मास्ट पेशीत रोवते आणि दोन्ही हात बाहेर पसरून बसते. पुढच्या वेळी औषध आले आणि एकाच आयजीईला चिकटले, तर काहीच घडत नाही. शेजारशेजारच्या दोन आयजीईंना त्याने एकत्र बांधले, तरच पेशीला इशारा मिळतो. मग पेशीच्या आत लिन आणि सिक ही एन्झाइमे एकापाठोपाठ एक जागी होतात, कॅल्शियमचे प्रमाण वाढते, पुड्या पेशीच्या पटलाला येऊन मिळतात आणि काही मिनिटांत रिकाम्या होतात. पहिली मात्रा पचलेल्या कुत्र्यांना समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषाची दुसरी, अगदी अल्प मात्राही मारक ठरते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये यांनी १९०२ मध्ये दाखवले होते. त्या अवस्थेला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले आणि या कार्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिस्टामीन त्वचेपुरते राहिले तर गांधी उठतात. सर्व शरीरात एकदम पसरले तर रक्तवाहिन्या सैलावतात आणि झिरपू लागतात. दहा मिनिटांत त्यांतील सुमारे एकतृतीयांश द्रव बाहेर जाऊ शकतो. घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो. हेच ॲनाफिलॅक्सिस. गांधींबरोबर आवाज बसणे, धाप, वारंवार उलट्या किंवा घेरी यांपैकी काहीही दिसले तर आमसुलाची वेळ संपली असे समजावे.

काकूंना चादरीत आडवे घेऊनच जवळच्या दवाखान्यात नेले. तेथील सिस्टरांनी त्यांना बसूही दिले नाही, पाय उंच केले, डॉक्टरांच्या सांगण्यावरून मांडीच्या बाहेरील मध्यभागात ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि वेळ लिहून ठेवली. आडवे ठेवण्याचे कारण असे की उभे राहताच उरलेसुरले रक्त पायांत उतरते आणि हृदयाला ढकलायला रक्तच उरत नाही. अशा क्षणी रुग्ण दगावू शकतो. फार धाप लागली असेल तर पाय लांब करून बसवतात आणि गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर निजवतात. ॲड्रेनॅलिनची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम असते, आणि सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा देतात. मांडीच्या स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असल्याने औषध तेथून लवकर पोचते. ते रक्तवाहिन्या आवळते, हृदयाला जोर देते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींनाही शांत करते. ‘आधी एव्हिल द्या, मग पाहू’ ही सवय मला धोकादायक वाटते, कारण एव्हिलसारखे हिस्टामीनरोधक औषध खाज थांबवते, पण कोसळलेला रक्तदाब सावरू शकत नाही.

मधमाशी चावल्यावर लोखंड घासणे किंवा मंत्र घालणे आपल्याकडे अजून चालते. बहुतेकांची सूज आपोआप उतरते आणि श्रेय मंत्राला जाते. ज्याला ॲनाफिलॅक्सिस होते त्याची मात्र मोलाची मिनिटे त्यात जातात. दुसरीकडे, प्रत्येक खाज ॲलर्जीही नसते. गराडू हा कंद सोलताना हात खाजतात ते त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे, आणि त्यात आयजीईचा हात नाही.

काकूंना बरे वाटू लागल्यावर त्या घरी जाण्याचा आग्रह धरू लागल्या. सिस्टरांनी त्यांना थांबवले, कारण काहींना पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी, औषधाशी पुन्हा संपर्क न येताही, दुसरा येतो. रात्रभर सिस्टर नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजत राहिल्या आणि सकाळी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिले: पेनिसिलिन गटातील औषधे देऊ नयेत.